आई-बाबा, काकूंविरुद्धचा अर्ज मी दिला आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू मध्येच रडायला लागली असतीस आणि बाबा, तुम्ही "घरी आलीस की बघू" म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय. आजऱ्यात बातमी पोचायला वेळ लागत नाही, आणि ती तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये. बालगृह सांभाळणाऱ्या आपल्या काकूंच्या तिथल्या वागण्याबद्दल मी बालकल्याण समितीकडे लेखी अर्ज दिला आहे. सोमवारी दिला, पोच घेतली. तो मागे घेणार नाही.

आई, आधी घोटभर पाणी पी. मग पुढचं वाच.

बालगृहातली ही नोकरी काकूंच्या शब्दामुळे मिळाली, हे मला पक्कं ठाऊक आहे. बाबांच्या त्या आजारपणात तुझ्याजवळ रात्रभर कोण बसलं होतं, तेही. अर्ज लिहिताना ते सगळं डोळ्यांपुढे होतं आणि हात थांबत होता. म्हणूनच त्यात एकही वेडावाकडा शब्द नाही. कधी, काय घडलं, कोण हजर होतं, एवढंच आहे. ही पोलीस केस नाही, कुणी काकूंना हातकड्या घालायला येणार नाही. समिती पाच जणांची असते, ती चौकशी करील, काकूंचंही ऐकून घेईल.

बाबा, तुम्ही म्हणाल, बाई कडक आहे, पण पोरींच्या भल्यासाठीच ना? कडकपणाबद्दल माझी तक्रारच नाही. पहाटे उठायचं, अंथरुणाच्या घड्या घालायच्या, पाढे म्हटल्याशिवाय जेवण नाही, हे मी तुमच्याच हाताखाली शिकले. काकूंच्या हिशोबात रुपयाचा घोळ सापडणार नाही. ज्या पोरींना उद्या कुठे झोपायचं हेच माहीत नव्हतं, त्यांना घंटेवर चालणारं घर आधाराचं वाटतं. पण ती घंटा सगळ्यांना सारखी वाजत नाही.

कंगवा हरवला, पेन हरवलं, की झडती एकाच मुलीच्या पेटीची. नाव लिहीत नाही, लिहायचं नसतंच. पारध्याची आहे, एवढं पुरे. सगळ्या मुलींसमोर तिचा एकेक कपडा झटकायचा. कंगवा कपाटामागे सापडतो, पण झाल्या गोष्टीबद्दल तिच्याशी कुणी एक शब्द बोलत नाही. भाकऱ्या थापायला ठरावीक पोरी, संडास धुवायला ठरावीक. दहावीला चांगले गुण मिळवलेल्या एकीला "तुमच्यात कोण शिकलंय, शिवण शीक" असं सांगून कॉलेजचा फॉर्मच भरू दिला नाही. भेटायला आलेल्या आईशी एक मुलगी आपल्या घरच्या भाषेत बोलली, तर रात्री तिला ताट नाही. आई, तू आमच्यातल्या कुणाला रागाने उपाशी झोपवलं आहेस का कधी? मी रुसून झोपले तरी उठवून, मांडीवर घेऊन, गूळ-तूप-भात भरवायचीस.

अर्जाआधी मी काकूंशी बोलले. दार लावून, मानाने. "तू नवीन आहेस, या रक्ताची तुला कल्पना नाही," असं म्हणाल्या. त्यानंतर बोलण्यासारखं काही राहिलं नाही. मुलींसाठी सूचनापेटी आहे, पण तिची किल्ली काकूंच्याच पदराला. नियमाने ती व्यवस्थापन समितीने मुलींसमोर उघडायची असते. आणि 2015 च्या बाल न्याय कायद्यात शारीरिक शिक्षेला बंदी आहे, जातीवरून भेदभाव नको हेही स्पष्ट लिहिलं आहे. मी काही जगावेगळं मागत नाही.

बाबा, दर 26 जूनला तुमच्या भाषणात शाहू महाराजांनी 1918 मध्ये हजेरी बंद केल्याचा भाग आला की मी पहिल्या ओळीत बसून ऐकायचे. ज्यांना जन्माने चोर ठरवून रोज हजेरी द्यायला लावत, त्यांना महाराजांनी मोकळं केलं, फासेपारध्यांना नोकऱ्या दिल्या, हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. इंग्रजांचा 1871 चा तो गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये देशभर रद्द झाला. रोज दसरा चौकातून महाराजांच्या पुतळ्यासमोरून आणि त्या सगळ्या जुन्या बोर्डिंगांवरून मी कामाला जाते. याच कोल्हापुरात एका दहा वर्षांच्या पोरीची पेटी रोज उघडली जाते, आणि मी तिथली समुपदेशक म्हणून पगार घेते. गप्प बसले असते तर तुम्हाला काय तोंड दाखवलं असतं?

नोकरीचं म्हणाल, तर कदाचित जाईल. पण राजारामपुरीतल्या खोलीचं भाडं भरलेलं आहे, हाताशी थोडे पैसे आहेत, मालकीणबाई आईसारखी विचारपूस करतात. डबा चांगला असतो, भाकरी गरम मिळते. तुम्ही पाठवलेला घनसाळ तांदूळ अजून आहे, रविवारी घालते, वासानं शेजारीण दारात येते. पैसे पाठवू नका. काही लागलं तर सांगेन.

आता ऐका. काकूंना फोन करून माफी मागायची नाही, बाबा. त्यांचा फोन आला तर नीट बोला, तब्येत विचारा, अर्जाचा विषय निघाला तर "ते तिचं काम आहे" एवढंच म्हणा. आई, तू त्यांच्यावर रागावू नकोस. माझ्यावरही. तुमची इतक्या वर्षांची मैत्री मी अर्जात कुठेही ओढलेली नाही, आणि ती टिकावी असं मला मनापासून वाटतं.

बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही. "आज बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही. मिठाचं लोणचं बंद म्हणजे बंद, आईला विचारून घेईन. आई, गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय जिना चढू नकोस. वरची खोली झाडली नाही तरी चालेल. मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नका. माझ्या या भानगडीपायी तर मुळीच नाही. मी त्या आठवड्यात तिथेच असेन, रजा मिळो न मिळो.

शनिवारी दुपारच्या एसटीने येते. रागावायचं असेल तर तेव्हा समोर बसवून रागवा, मी सगळं ऐकून घेईन. स्टँडवर न्यायला येऊ नका, ऊन फार असतं.

तुमची,
सुमी