दुर्गाबाईंचा चेहरा ताणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या हिंदी नायिकांवर लिहिताना दुर्गा खोटे यांची ओळख 'मुघल-ए-आझम'मधली (१९६०) जोधाबाई अशी करून दिली जाते आणि बहुतेकदा तिथेच संपते. कोल्हापूरकरांनी तरी ती १९३२ पासून सुरू करावी. 'प्रभात' फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' याच गावात केला, मराठीत आणि हिंदीतही. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई तारामती. पार्श्वगायन रुळायला अजून काही वर्षे होती. गाणे कॅमेऱ्यासमोरच म्हणायचे, वादक चौकटीबाहेर बसलेले, मायक्रोफोन एका जागी. मान वळली की आवाज पडणार, जास्त जवळ गेले की फाटणार. हे अंतर सांभाळून तोच प्रसंग दोन भाषांत उभा करायचा. हिंदीतल्या त्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा पाया इथे घातला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणूनच हल्लीच्या सार्वजनिक खेळांत हा चित्रपट ज्या तऱ्हेने दाखवला जातो, ते पाहवत नाही. त्या काळची चौकट रुंदी-उंचीच्या प्रमाणात साधारण ४:३ ची, आजचा पडदा किंवा टीव्ही १६:९ चा. चित्र पडद्याच्या रुंदीचा पाऊण भागच व्यापणार आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणार. त्या राहू द्याव्यात. 'पडदा रिकामा दिसतो' म्हणून चित्र आडवे ताणले, तर चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. झूम केले, तर वरचे-खालचे मिळून पाव चित्र जाते. बरीच दृश्ये दुरून घेतलेली असल्याने आधी मुकुट कापले जातात, मग पाय, आणि उभे राहण्यातला दुर्गाबाईंचा तो ताठ डौल दिसतच नाही. प्रोजेक्टरच्या मेनूत 'आस्पेक्ट रेशो' ४:३ वर ठेवणे, एवढेच काम आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. बोलपट सेकंदाला २४ चौकटींचा. जुन्या डीव्हीडींसाठी तो अनेकदा २५ ने चालवलेला असतो. दोन तासांचा खेळ मग पाचेक मिनिटे आधी संपतो, आणि सूर पेटीवर जवळजवळ पाऊण पट्टी चढतो. गाणारीचा स्वतःचा आवाज ज्या चित्रपटात आहे, तिथे हा बारीक दोष म्हणता येणार नाही. प्रत मागवतानाच वेग विचारून घ्यावा.

आवाज एकाच ट्रॅकचा आहे. तो पडद्याजवळच्या स्पीकरवरूनच द्यावा, सराउंड आणि जादा बास बंद. खरखर काढायचे फिल्टर जपून वापरावेत, कारण स, श, च यांची धार खरखरीच्याच पट्टीत असते. फिल्टर जोरात लावला की शब्द बोथट होतात आणि प्रेक्षक म्हणतात, 'जुन्या नट्यांचे उच्चार कळत नाहीत.' त्यांचे उच्चार स्वच्छच होते.

नुसती तारामती दाखवूनही भागणार नाही. तिच्यानंतर 'अमरज्योती' (१९३६) ठेवावा. 'प्रभात' तोवर पुण्याला गेली होती. त्यातली बंडखोर सौदामिनी पाहिली की दुर्गाबाईंना सोशीक आईच्या साच्यात बसवणे अवघड जाते. मग 'भरत मिलाप'मधली (१९४२) कैकेयी, आणि शेवटी जोधाबाई. 'मुघल-ए-आझम'ची २००४ ची रंगीत आवृत्ती टाळून मूळचीच मिळवावी, जिच्यात थोडाच भाग रंगीत आहे. 'बिदाई'चे (१९७४) फिल्मफेअर आणि १९८३ चा फाळके पुरस्कार प्रास्ताविकात सांगितले तरी पुरे.

आयोजकांना विनंती, आदल्या दिवशी त्याच सभागृहात, त्याच यंत्रावर दरबाराचे एक दृश्य आणि एक गाणे लावून पाहावे. डोक्याच्या वर जागा दिसते का, शेवटच्या रांगेत शब्द कळतो का आणि पेटीशी सूर जुळतो का, एवढे तपासायला अर्धा तास पुरतो.

– एक चित्रपटरसिक, मंगळवार पेठ, कोल्हापूर