जिथे ग्राइंडर फिरवला, त्याच जागेवर आता पंच मारून आणू?

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : व्हिंटेज नोंदणीच्या तपासणीत 1943 सालच्या फोर्ड जीपच्या मूळ चॅसी नंबरची झालेली नासधूस

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात लोकमान्य नगरला राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये 31 वर्षं लेथ आणि मिलिंगवर काम केलं, आता निवृत्त आहे. आपला वेळ मोलाचा आहे हे जाणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण ते जमेल असं दिसत नाही. मला घर नको, अनुदान नको, कुणाची बदलीही नको. माझ्या वडिलांनी 1968 साली लष्कराच्या लिलावात घेतलेल्या जीपचा मूळ नंबर गेल्या मंगळवारी तपासणीच्या वेळी माझ्या डोळ्यांदेखत घासून टाकण्यात आला. आणि काल मला पत्र आलं की चॅसी नंबर 'अवाचनीय' असल्याने त्याच जागी नवा नंबर पंच करून गाडी पुन्हा हजर करा.

घडलं ते असं. सकाळी साडेसहाला जीप टेम्पोवर चढवून नेली, कारण नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही हा नियम मी पाळतो. दुपारी पावणेदोनपर्यंत उन्हात उभा होतो. तपासणीची समिती येणार होती, आले एकटे साहेब. बाकीचे मीटिंगला गेले आहेत असं कळलं. साहेबांनी बोनेट उघडायला सांगितलं, नंबर कुठे आहे विचारलं. मी डाव्या चॅसी पट्टीच्या वरच्या अंगावर बोट ठेवून दाखवलं. त्यांना तो दिसेना. मी भिंग दिलं, टॉर्च धरला, पेन्सिल फिरवून कागदावर घेतलेला नंबराचा छापही पुढे केला. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. हाताखालच्या पोराला हाक मारली, "जरा साफ कर रे ते." मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत पोराने अँगल ग्राइंडर लावला होता. सात-आठ सेकंदांचं काम. पोराला मी दोष देत नाही, त्याला साफ कर म्हटलं, त्याने केलं.

साहेब, तो नंबर बाहेर काढायला मला पाच रविवार लागले होते. दुसऱ्या महायुद्धातल्या फोर्डच्या जीपवर नंबर थेट चॅसीच्या पट्टीवर ठोकलेला असतो, आणि तो जेमतेम केसाएवढा खोल असतो. त्यावर 80 वर्षांत चढलेल्या रंगाचे सात थर मी मोजले. रंग काढायचं रसायन, रॉकेल आणि सुती चिंधी, एवढंच वापरलं. कानसही लावली नाही, वायर ब्रशही नाही. टूलरूममध्ये शंभरावा भाग मिलिमीटर मोजत आयुष्य काढलेल्या माणसाला कुठे हात लावायचा नाही हे कळतं. पहिली तीन अक्षरं दिसली, जीपीडब्ल्यू, म्हणजे फोर्डच्या जीपची खूण, तेव्हा खुर्चीत बसलेल्या वडिलांना हाताला धरून खाली आणलं होतं. त्यांनी बोट फिरवून सगळे अंक वाचले, चष्म्याशिवाय.

वडील ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, व्हेइकल मेकॅनिक होते, नोकरीतला बराच काळ खडकीच्या बेस वर्कशॉपमध्ये गेला. भारतीय ईएमई कोअरची स्थापना 1943 सालची, आणि जीपही 1943 ची, याचं त्यांना फार कौतुक होतं. पार्ट ओळखायला त्यांनीच शिकवलं. युद्धात हीच जीप विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्या बनवत. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत चॅसीचा पुढचा आडवा बार गोल नळीचा असला तर ती विलीस, उलट्या पन्हाळीसारखा असला तर फोर्ड. फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यावर, ब्रॅकेटवर, पेडलवर इंग्रजी एफ ठोकलेला असतो. जाळीत नऊ उभ्या फटी असल्या तर लष्करी, सात असल्या तर युद्धानंतरची नागरी. हेडलाइट बिजागरीवर उलटा फिरवून इंजिनावर उजेड पाडता येतो का ते बघायचं. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. वायरिंग 6 व्होल्टचं. आटे अमेरिकन, इंचातले, त्यात बारा नंबरचा मिलिमीटरचा बोल्ट ठोकून बसवणारा मेकॅनिक भेटला तर तिथून गाडी परत घ्यायची, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

या शिकवणीवर मी नऊ वर्षं पार्ट शोधले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची दुकानं, शीळफाट्याकडची भंगाराची गोदामं, चोरबाजार, नाशिककडचे जुने गॅरेजवाले. एफ ठोकलेला क्लचचा पेडल मला किलोच्या भावाने विकला जाणाऱ्या लोखंडात सापडला. जे मिळालं नाही ते स्वतः बनवलं, त्यात किंगपिनचे बुश आहेत, स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकल पिना आहेत, विंडशील्डच्या कड्या आहेत. बनवलेल्या प्रत्येक पार्टवर आतल्या बाजूला माझं आद्याक्षर आणि वर्ष कोरलं आहे, पुढे कुणी तो मूळचा म्हणून विकू नये म्हणून. खर्च सात लाखांवर गेला असेल, चौथ्या वर्षी हिशेब लिहिणं सोडलं. सोसायटीने पार्किंगवरून तीन नोटिसा दिल्या. मुलीच्या लग्नाला हात आखडता घेतला असं नातेवाईक अजून बोलतात. गुडघा गाडीखाली बसून गेला तो गेलाच.

आता नियमांकडे येतो, कारण मला 'भावनिक होऊ नका' असं त्या खिडकीवर तीनदा सांगण्यात आलं. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांपेक्षा जुनी हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, ती मी भरली. व्हीए अक्षरांची वेगळी नंबर मालिका मिळते. तपासणीला राज्याने समिती नेमायची. प्रमाणपत्र 60 दिवसांत द्यायचं. मला अर्ज करून 14 महिने झाले. नवव्या महिन्यात वडील गेले. शेवटच्या आठवड्यातही नोंदणीच्या पुस्तकाचं विचारत होते, "पुस्तक आलं का?" मोबाइलवर 'प्रलंबित' दिसत होतं. मी त्यांना "येईल, दादा" म्हणालो.

या 14 महिन्यांत चार वेळा त्रुटी काढल्या. पहिली, जुन्या नोंदणी पुस्तकात बनावटीचं वर्ष 1968 आहे, तुम्ही 1943 म्हणता. अहो, लिलावाचं वर्ष त्या वेळच्या कारकुनाने बनावटीच्या रकान्यात लिहिलं! गाडीच्या डॅशबोर्डवर पितळेची पाटी आहे, तिच्यावर लष्कराला गाडी दिल्याची तारीख आहे. दुसरी, स्टिअरिंग डावीकडे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 120 मध्ये डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला इशारा देणारं यांत्रिक किंवा विजेचं साधन हवं एवढंच म्हटलं आहे, गाडीवर बंदी नाही. मी ते साधन बसवलं आहे. कलम छापून नेलं, तर "कायदा आम्हाला शिकवू नका" हे उत्तर मिळालं. तिसरी त्रुटी आता आठवतही नाही, झेरॉक्स धूसर असल्याची काहीतरी होती.

चौथी मात्र मला झोपू देत नाही. फोर्डच्या चॅसीत विलीसचं इंजिन आहे, म्हणजे तुम्ही इंजिन बदललं, म्हणजे मूळ स्वरूप राहिलं नाही. साहेब, 1941 ते 1945 या काळात दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या, आणि फोर्डला काम देताना अटच ही होती की तिचा प्रत्येक मोठा भाग विलीसच्या गाडीत बसला पाहिजे. रणभूमीवर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता यावी म्हणून. वर्कशॉपमध्ये इंजिन ओव्हरहॉलला उतरायचं आणि तयार असलेलं दुसरं त्याच दिवशी चढायचं. वडिलांनी हेच काम वर्षानुवर्षं केलं. लिलावात गाडी घेतली तेव्हाही हेच इंजिन होतं, पुस्तकात त्याचाच नंबर आहे. तोच 2.2 लिटरचा, 60 हॉर्सपॉवरचा, साइड व्हॉल्व्हचा ब्लॉक. लष्कराने केलेली अदलाबदल हा या गाडीचा इतिहास आहे, तिला गुन्हा कसा म्हणता?

दीड वर्षापूर्वी एका कार्यक्रमात एक वरिष्ठ अधिकारी याच जीपमध्ये बसले होते. फोटो काढले, स्टिअरिंगवर हात ठेवून वडिलांना म्हणाले, "काका, अर्ज टाका, महिनाभरात काम होईल, शब्द देतो." वडिलांनी तो शब्द फौजी माणसाने घ्यावा तसा घेतला. नंतर मी त्या अधिकाऱ्यांना सहा पत्रं पाठवली. एकालाही उत्तर नाही.

मला सांगा, या राज्यात जुनी वस्तू ओळखणारा माणूस सरकारला कुठेच का लागत नाही? मूर्तीचा काळ ठरवायला पुरातत्त्ववाला बोलावता, नाणं ओळखायला नाणेतज्ज्ञ. गाडीचा काळ ठरवायला मात्र ग्राइंडर! अहिल्यानगरला लष्कराने 1994 साली रणगाड्यांचं संग्रहालय उभारलं, तिथे देशोदेशीचे रणगाडे आहेत, शाळेच्या सहली जातात. त्याच राज्यात जीप, जोंगा, शक्तिमान अशा लष्करी गाड्या ओळखणारे हात एकेक करून संपत चालले आहेत आणि त्यांच्याकडून कुणी काही लिहून घेत नाही. जबलपूरला बनलेल्या जोंगाचे सुटे भाग भंगारात जाताना मी पाहिले आहेत, वितळवायला. आयटीआयमध्ये पोरं जातात, त्यांना फ्लॅटहेड, म्हणजे साइड व्हॉल्व्हचं जुनं इंजिन कुणी उघडून दाखवत नाही. जुनी गाडी म्हणजे धूर आणि दंड, एवढंच सरकारला माहीत. 15 वर्षांवरच्या साध्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 झाली, ती वसूल करायची यंत्रणा तयार होती. समितीत एक जाणकार बसवायची यंत्रणा मात्र चार वर्षांत तयार होत नाही? खडकीचे, देवळालीचे निवृत्त ईएमईवाले आहेत. चहा-पाण्यावर येतील हो ती माणसं, फक्त बोलवा.

आणि आता त्या पत्राबद्दल. तिथे नवा नंबर पंच करू नका, असं मी हात जोडून सांगतो. मी धातूत आयुष्य घालवलं आहे. पंचाचा घाव बसतो तेव्हा दिसणाऱ्या अंकाखालचं पोलादही दाबलं जातं. वरचं घासलं तरी तो दाब खाली राहतो. योग्य आम्ल लावलं की दाबलेला भाग आणि आजूबाजूचा भाग वेगवेगळा झिजतो आणि अंक पुन्हा दिसू लागतात. चोरीच्या गाड्यांचे खोडलेले नंबर याच पद्धतीने काढतात. कालिन्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा इथून तासाभरावर आहे. गाडी तिथे पाठवण्याचा आदेश द्या, लागेल ती फी मी भरतो. पण त्या जागेवर एकदा नवा पंच बसला की खालचं कायमचं चिरडलं जाईल. मग 1943 ची ही जीप कागदावर आजच्या तारखेच्या नंबराची होईल, आणि पुढचा साहेब मलाच विचारेल, नंबर बदलला कुणी?

मला सोमवारी साडेदहाची वेळ दिली आहे. मी गाडी नेणार नाही. गैरहजर म्हणून अर्ज निकाली काढला तरी नेणार नाही. त्याआधी आपल्या कार्यालयातून एका ओळीचा स्थगिती आदेश निघावा, एवढी विनंती आहे. घासलेल्या जागेवर ग्रीसचा थर देऊन वर प्लास्टिक बांधून ठेवलं आहे. ठाण्याची हवा दमट आहे, रोज रात्री उघडून बघतो. गंज आत शिरला तर कालिन्याच्या लोकांनाही काही करता येणार नाही.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
लोकमान्य नगर, ठाणे