वॉटचा आकडा आणि त्यातील चूक

संपादक महोदय,

सायकलपटू किती वॉट शक्ती टिकवू शकतो हे संख्याशास्त्रीय प्रारूपाने काढून त्या एका आकड्यावर कनिष्ठ गटातील मुलामुलींची निवड करण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ होत आहे. त्याबद्दल संख्याशास्त्र शिकवणारा एक सायकलप्रेमी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मोनो आणि शेरेर या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'क्रिटिकल पॉवर' प्रारूपात दोनच गोष्टी काढायच्या असतात : दीर्घकाळ टिकणारी शक्ती आणि त्या पातळीहून जास्त जोर लावताना खर्च करता येणारा ऊर्जेचा मर्यादित साठा. समजा, एखाद्या मुलीने जीव तोडून ३ मिनिटे ४०० वॉट आणि १२ मिनिटे ३१० वॉट दिले, तर गणिताने टिकणारी शक्ती २८० वॉट आणि साठा २१.६ किलोज्यूल येतो. मात्र दुसरी चाचणी दुपारच्या उन्हात झाली आणि ३१० ऐवजी ३०० वॉटच निघाले, तर टिकणारी शक्ती सुमारे २६७ वर उतरते, आणि साठा मात्र वाढून २४ किलोज्यूल होतो! थकलेली मुलगी कागदावर थोडाच वेळ जोर मारणारी सायकलपटू (स्प्रिंटर) ठरते, आणि घाटातील शर्यतीसाठी तिचा विचारही होत नाही.

यातील खरी अडचण अशी की, दोन अज्ञात राशींसाठी दोनच चाचण्या घेतल्या तर आलेखावरील रेषा दोन्ही बिंदूंतून तंतोतंत जाते, त्यामुळे चूक किती आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही. किमान तीन, शक्यतो चार चाचण्या वेगवेगळ्या दिवशी, पुरेशा विश्रांतीनंतर घेतल्या, तरच अंदाजाभोवतीचे विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा ज्या दोन मर्यादांमध्ये असण्याचा भरवसा वाटतो तो पट्टा, काढण्याला अर्थ येतो. शिवाय हे प्रारूप साधारण २ ते १५ मिनिटांच्या प्रयत्नांना चांगले लागू पडते. त्याच्या सूत्राप्रमाणे २८० वॉट अनंतकाळ देता यायला हवेत, पण प्रत्यक्षात त्या पातळीवर तासभर तग धरणेही बहुतेकांना जमत नाही. मुंबई-पुणे शर्यतीसारख्या काही तासांच्या स्पर्धेचा निकाल त्यावरून वर्तवणे म्हणूनच धाडसाचे आहे.

माझ्या मते प्रारूप टाकाऊ मुळीच नाही. सरावाची तीव्रता ठरवायला ते फार उपयोगी पडते. परंतु दोन खेळाडूंच्या आकड्यांत पाच-सात वॉटचा फरक असेल आणि विश्वासांतर त्याहून रुंद असेल, तर त्या फरकावर कोणालाही वगळू नये, आणि निवड समित्यांनी चाचण्यांची संख्या, कालावधी व विश्वासांतर पालकांना लेखी द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे