सेर्पा पिंतो कोण होता

चि. सई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लिस्बनमधल्या ‘रुआ सेर्पा पिंतो’वरून जाताना, हा कोण, असं तू विचारलंस. माणूस पोर्तुगीज लष्करातला, जन्म १८४६ चा. नोव्हेंबर १८७७ मध्ये कापेलो आणि इव्हेंस या नौदल अधिकाऱ्यांच्या जोडीने तो अँगोलातल्या बेंगेलाहून आफ्रिकेच्या आत निघाला. बिए इथे वाटा फुटल्या. हा झांबेझी नदीकडे वळला.

पुढचा प्रवास वाचताना आजही माझा जीव वरखाली होतो. बारोत्से लोकांचा राजा लोबोसी याच्या मुलखात रात्री तळावर हल्ला झाला. बहुतेक हमाल निघून गेले. अंगात ताप मुरलेला, तरी ताऱ्यांवरून अक्षांश-रेखांश काढणं त्याने सोडलं नाही. शेवटी फ्रेंच मिशनरी कोयार पतिपत्नींनी त्याची शुश्रूषा केली. ते उपकार त्याने मनापासून मानले. प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या भागाला त्याने कोयार कुटुंबाचंच नाव दिलं. फेब्रुवारी १८७९ मध्ये तो प्रिटोरियाला पोचला. पुढे लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदकही मिळालं.

नंतर तो झांझिबारला कॉन्सुल झाला आणि १८८९ मध्ये मोझांबिकचा गव्हर्नर. (याच मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत आपल्या गोव्यातून चाले.) अँगोलापासून मोझांबिकपर्यंतचा सगळा पट्टा पोर्तुगालने नकाशावर गुलाबी रंगवून ठेवला होता. तो हक्क बजावायला सेर्पा पिंतोची तुकडी शिरे नदीच्या खोऱ्यात (आजच्या मलावीत) घुसली आणि माकोलोलो लोकांशी लढली. इथे मात्र माझ्या मनातून तो उतरतो, सई. आफ्रिकेतल्या माणसांच्या आधारावर ज्याने तो खंड ओलांडला, त्यानेच त्यांच्यावर बंदुका रोखल्या. ब्रिटनलाही तीच जमीन हवी होती. ११ जानेवारी १८९० ला ब्रिटनने निर्वाणीचा खलिता दिला, पोर्तुगाल मागे हटलं, लिस्बनमध्ये संताप उसळला, सरकार पडलं. माकोलोलोंना कुणीच काही विचारलं नाही.

पुढे सेर्पा पिंतो केप व्हर्देचा गव्हर्नर होता. १९०० मध्ये वारला.

तू त्याच्यावर निबंध लिहिणार म्हणतेस, तर जरूर लिही. त्याच्या धैर्यात काही उणं दाखवू नकोस. पण हमाल पळाल्यावरही जे थोडेजण त्याच्यासोबत राहिले, त्यांत ऑगुस्तो आणि व्हेरिसिमो होते. त्यांची नावं त्यानेच लिहून ठेवली आहेत. तुझ्या निबंधात ती पहिल्याच पानावर येऊ देत.

तुझी,
आई