माळावरचं आडवं वारं

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कुठं किती पाऊस झाला ते तुमच्या पेपरात रोज येतं, पण आमच्या जत भागात जून ते ऑगस्ट पाऊस कमी आणि वारंच जास्त. पाऊस सगळा सह्याद्रीवर पडून जातो, आमच्या डोक्यावरनं नुसते ढग पळतात, आणि त्या वाऱ्याबद्दल दोन ओळी कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मी मेडिकलवाल्यांच्या ऑर्डरी घेत फिरतो, आठवड्यातनं दोनदा जत-शेगाव-सांगोला (आपलं जतचं शेगाव, गजानन महाराजांचं नव्हे). गाडी स्प्लेंडर, वजनाला हलकी. रस्ता दक्षिणोत्तर आणि वारं पश्चिमेचं, म्हणजे सगळी वाट आडव्या वाऱ्यातनं. जाताना ते डावीकडनं येतं आणि रस्त्याच्या मध्यावर ढकलत राहतं, ते एकवेळ परवडलं, खरा घोळ येताना. वारं उजवीकडनं म्हणून गाडी थोडी उजवीकडं कलती ठेवून चाललेलो असतो, तेवढ्यात शेजारनं कंटेनर जातो, वारं एकदम बंद, गाडी थेट त्याच्या चाकांकडं जाते, सावरतोय तोवर तो पुढं गेलेला असतो आणि असा फटका बसतो की डावीकडची साइडपट्टीच गाठायची. मागच्या आषाढात मी तसाच खाली उतरलो, मुरूम होता म्हणून निभावलं.

लोक म्हणतात हळू चालवा. अहो, मी ४५ च्या वर जातच नाही! हँडल आवळून धरू नये, गुडघ्यानं टाकी धरावी, मागं मोठी बॅग बांधू नये, ती शिडासारखी वारं धरते, हे सगळं धडपडूनच कळलं. पण आषाढीला याच रस्त्यानं नवराबायको, मधे पोरगं, हँडलला पिशव्या असे पंढरपूरला जातात, त्यांना कोण सांगणार?

पवनचक्की उभी करायच्या आधी माळावर उंच खांब रोवून महिनोन्महिने वारं मोजतात, म्हणजे कुठल्या टेकाडावर किती वारं हे कुणाकडं तरी लिहून ठेवलेलं असणारच. मग 'पुढे आडवा वारा' एवढा एक बोर्ड लावायला काय हरकत आहे? विमानतळावर असते तसली लाल-पांढरी कापडी नळी खांबाला टांगली तरी लांबनं अंदाज येईल. आणि रस्त्याकडंला झाडं लावताना पश्चिमेच्या अंगाला लिंब, चिंच लावा, ती शोभेची झुडपं नकोत, त्यांच्यानं वारं अडत नाही.

जागा दाखवायला मी येतो, तसाही आठवड्यातनं दोनदा तिथनंच जातो.

– एक वाचक, जत