खोऱ्याच्या नोंदीविषयी

कराड

प्रिय दत्तास,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून तू रागावला असशील. तो राग जरा राखून ठेव, कारण आजचे पत्र विचारपुशीचे नसून एका शब्दावरून पेटलेल्या भांडणात तुला ओढण्यासाठी आहे. माझी प्रकृती ठीक आहे. साखर ताब्यात आहे आणि गुडघे वयाप्रमाणे वागतात.

येथील वाचनालयाने आपल्या भागातील शेतीच्या शब्दांचा छोटा कोश करावयास घेतला असून अवजारांच्या नोंदी माझ्याकडे सोपविल्या आहेत. कुदळ, टिकाव, पहार, खुरपे यांच्या नोंदी विनातक्रार मंजूर झाल्या. ‘खोरे’ मात्र परत आले. संपादक तरुण आणि अभ्यासू आहेत, त्यामुळे त्यांच्याशी भांडणेही अवघड जाते. त्यांनी पहिला अर्थ ‘नदीचा पाणलोट प्रदेश’ असा दिला, दुसरा ‘डोंगरांमधील सखल भाग’ असा दिला, आणि ज्या अवजाराने आमच्या घरातील माणसांनी जन्मभर ऊस भिजवला त्याच्यापुढे ‘फावडे पाहा’ एवढेच लिहिले. हे वाचून सर्वांत आधी कोणाला आनंद होईल, हे मला ठाऊक होते.

कालव्याच्या कामावरची साहित्याची नोंदवही तू विसरला नसशील. मी ‘खोरी २०’ असे लिहिले होते, तू त्याखाली ‘फावडी २०’ अशी ओळ घातलीस, आणि साहेबांनी दोन्ही ओळी खऱ्या मानून आपल्याकडे चाळीस नगांचा हिशेब मागितला. तुमच्या परभणीकडे ज्याला फावडे म्हणतात त्यालाच आमच्याकडे खोरे म्हणतात, हे मी तेव्हाही मान्य केले होते. मान्य नव्हते ते एवढेच, की तुमचा शब्द प्रमाण आणि आमचा गावठी.

आता मुद्द्यावर येतो. खोऱ्याचे पाते दांड्याशी कोन करून माणसाकडे वळलेले असते. बेलच्याने माती पुढे ढकलली जाते, तर खोऱ्याने ती आपल्याकडे ओढली जाते. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देताना एक सरी भरली की वाकून दोन खोरी मातीने तिचे तोंड बंद करायचे आणि पुढच्या सरीचे तोंड फोडायचे. आमच्याकडे याला दारे मोडणे म्हणतात. दांडा हलू लागला की खोरे रात्रभर पाण्यात टाकून ठेवायचे, म्हणजे लाकूड फुगून पात्यात घट्ट बसते. ‘दोन खोरी माती’ म्हणताना तोच शब्द मापही होतो, हे संपादकांच्या नोंदीत कोठेच नाही. आणि ‘खोऱ्याने पैसा ओढणे’ यातील ‘ओढणे’ कोठून आले, हे अवजाराची नोंद नीट दिल्याशिवाय वाचकाला कळणार कसे? पुतण्याच्या मुलाला खोरे माहीत आहे ते केवळ भूगोलाच्या पुस्तकातले. त्याने मला सरळ विचारले, “आजोबा, नदीने पैसे कसे ओढतात?”

दुसऱ्या अर्थाशी माझे वैर नाही, हे तुला सांगायला नको. रोहिड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे ही मावळातील नावे शिवकालापासूनची आहेत आणि त्या मुलखातील एकेक खोरे पायी पालथे घालता येते. तोच शब्द पुढे सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरच्या गोदावरी खोऱ्याला लागला, वर्तमानपत्रांनी तो काश्मीरला लावला आणि २०२० मध्ये गलवानमुळे तो घरोघरी पोहोचला. आपल्या संपूर्ण नोकरीवर तर याच शब्दाचा शिक्का आहे. बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यातील ५६० टीएमसी महाराष्ट्राला दिले, त्या निवाड्याच्या फेरविचाराची मुदत मे २००० ही ठरलेली होती, आणि तोवर आपले पाणी अडवून घ्यावे या घाईत १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर कोणी विचारले की घरचे सांगत, “ते खोऱ्यात आहेत,” आणि शेजारी हसून म्हणत, “मग खोऱ्यानेच ओढत असतील!” आपल्या पगाराला चहाचा चमचा पुरला असता, हे त्यांना कोण सांगणार? लाचखोरातला ‘खोर’ फारसीतून आलेला, खाणारा. त्याचा आपल्या खोऱ्याशी काही संबंध नाही, हे तू तेव्हा त्यांना पटवून देत बसायचास आणि संशय आणखी वाढायचा.

नदी डोंगर ओरबाडत माती ओढून नेते म्हणून तिच्या प्रदेशाला अवजाराचे नाव मिळाले, असे संपादकांचे म्हणणे आहे आणि म्हणून दोन्ही अर्थ एकाच नोंदीत हवेत, असा त्यांचा आग्रह आहे. कल्पना सुंदर आहे, परंतु पुराव्यावाचून मी ती छापू देणार नाही. माझ्या मते दोन स्वतंत्र नोंदी असाव्यात, अवजाराची आधी यावी, आणि ‘फावडे’पुढे ‘खोरे पाहा’ असे लिहावे. शेवटच्या मागणीवर तू दात-ओठ खाशील, हे जाणून आहे.

खरी काळजी निराळीच आहे. पुतण्याने सगळा ऊस ठिबकवर नेला, त्यामुळे दारे मोडायला रात्री कोणी जात नाही. खोरे आता गवंड्याच्या हाताखालच्या माणसाकडे वाळू-सिमेंट कालवताना दिसते, आणि घरात खंडेनवमीला त्याला हळद-कुंकू लागते तेवढेच. ठिबकला माझा विरोध नाही; पाणी वाचते, हे आपणच शेतकऱ्यांना सांगत फिरलो. पण वापर थांबला की पुढच्या आवृत्तीत ‘फावडे पाहा’सुद्धा उरणार नाही, म्हणून ही नोंद या खेपेसच पक्की व्हायला हवी.

तुझ्या मोतीबिंदूचे काय झाले? नाशिकच्या घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

फावड्याचे भाग, त्याचे उपयोग आणि त्यावरचे तुमच्याकडील वाक्प्रचार सविस्तर लिहून पाठव. मत लेखीच हवे, कारण फोनवर दिलेले मत तू पुढे नाकारतोस. नोंदी परत करण्याची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

तुझा,
वसंत