कोरस म्हणजे मागची गर्दी नव्हे
आपल्या रविवारच्या पुरवणीतील ऑपेरावरील लेखात कोरसला, म्हणजे या पाश्चात्त्य संगीतनाटकात एकत्र गाणाऱ्या गायकसमूहाला, 'मागची गर्दी' म्हटले आहे, ते अजिबात पटले नाही. मोठ्या ऑपेरागृहांतला कोरस पगारी गायकांचा असतो. एकाच हंगामात इटालियन, जर्मन, फ्रेंच अशा भाषांतली कामे तोंडपाठ करायची आणि जड पोशाखात, जिने चढत-उतरत, माइकशिवाय वाद्यवृंदाच्या वर आवाज पोचवायचा! इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या 'नाबुक्को' या ऑपेरातले (१८४२) सर्वांत गाजलेले गाणे कोरसचेच आहे. पुण्यातल्या आमच्या हौशी गायनवृंदात ओळीच्या शेवटचा 'स' सगळ्यांच्या तोंडून एकदम सुटावा म्हणून अख्खी संध्याकाळ जाते. ज्यांचे हे रोजचे काम, त्यांच्याविषयी दोन ओळी तरी हव्या होत्या.
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे